तीन स्टारवाला पोरगा

अमेरिकेतले कॉलेज कोच शाळेतला कॉर्नरबॅक कसा हेरतात? स्टॉपवॉच, टेप आणि बरंचसं 'गट फीलिंग'!

अप्रेझलच्या वेळी बॉसने विचारलं, 'वर्षभरात तुमच्या बाजूला काय घडलं?' आणि तुम्ही छाती फुगवून सांगितलंत, 'काहीच नाही सर!', तर? हाईक विसरा. पण अमेरिकन फुटबॉलमध्ये एक जागा अशी आहे, जिथे हेच उत्तर सगळ्यात भारी समजलं जातं. कॉर्नरबॅक. आणि कॉलेजचे कोच या जागेसाठी सतरा वर्षांची शाळकरी पोरं निवडायला बसतात, तेव्हा त्यांची पंचाईत नेमकी इथेच होते.

आधी खेळ दोन मिनिटांत. क्वार्टरबॅक बॉल फेकतो, रिसीव्हर तो झेलायला सुसाट सुटतो आणि त्याने झेलू नये म्हणून मैदानाच्या कडेला त्याच्यासमोर उभा असतो तो कॉर्नरबॅक. रिसीव्हरला माहीत असतं आपण कुठे वळणार ते. कॉर्नरला नसतं. त्यात सुरुवातीची काही पावलं तो उलटा पळतो. समोरचा वळला की याने क्षणात कंबर फिरवून त्याच्या बरोबरीने धावायचं. अर्धं पाऊल मागे पडला की टचडाउन, आणि ते अख्ख्या स्टेडियमला दिसतं. विकेटकीपरसारखंच आहे हे, कॅच सुटला तरच नाव होतं!

अमेरिकेत शाळांमधून फुटबॉल खेळणारी मुलं दहा लाखांच्या घरात आहेत. वरच्या दर्जाची कॉलेजं १३०च्या थोडी वर. या गर्दीतून वाट काढायला रिव्हल्स, २४७स्पोर्ट्स, ईएसपीएन अशा मंडळींनी हॉटेलांसारखी स्टारची पद्धत आणली. पाच स्टार म्हणजे देशभरात एका वर्षी साधारण तीसेक पोरं. चार स्टार म्हणजे काही शे. तीन स्टार म्हणजे 'बरा आहे, बघू'.

आता स्टार द्यायचे कशावर? पहिलं काम मोजपट्टीचं. उंची, वजन आणि हातांची लांबी. हो, हातांची! रिसीव्हर सहा फूट तीन इंचांचे असतात, त्यांच्या बोटांपुढून बॉल ढकलायचा तर चार इंच फार होतात. मग चाळीस यार्डांची धाव, म्हणजे साडेछत्तीस मीटर. ४.४ सेकंद म्हणजे सुपरफास्ट. पण हातातल्या स्टॉपवॉचवर घेतलेला वेळ अनेकदा 'उदार' असतो, मामाने घेतलेल्या इंटरव्ह्यूसारखा. म्हणून शहाणे कोच मुलगा शाळेच्या अॅथलेटिक्समध्ये शंभर मीटर किती सेकंदांत पळाला ते विचारतात. तिथलं इलेक्ट्रॉनिक घड्याळ कुणाचं नातेवाईक नसतं.

पण नुसता वेग म्हणजे कॉर्नर नाही. सरळ रेषेत वाऱ्यासारखी पळणारी कितीतरी पोरं वळताना ट्रकसारखी वळतात. कोचेसच्या बोलण्यात सारखा येणारा शब्द म्हणजे 'हिप्स'. कंबर मोकळी आहे का? उलटं पळताना शरीर खाली राहतं की मुलगा ताठ उभा होतो? वळताना एक पाऊल वाया जातं का? हे कुठल्याच घड्याळात येत नाही, बघावंच लागतं. म्हणून मुलगा बास्केटबॉल खेळत असेल तर कोच ती मॅच बघायला जाऊन बसतात. तिथेही समोरच्याला सावलीसारखं चिकटून सरकायचंच असतं.

खरी गंमत टेपमध्ये आहे. २००६मध्ये नेब्रास्कात हडल नावाची कंपनी सुरू झाली आणि पुढे शाळाशाळांतल्या मॅचचं शूटिंग कोचच्या लॅपटॉपवर पोचलं. प्रत्येक पोरगा आपली 'हायलाइट रील' बनवतो. मागे दणदणीत म्युझिक, समोर एकामागोमाग एक इंटरसेप्शन. बघायला मस्त. पण हायलाइट म्हणजे सीव्ही. त्यात कोण लिहितं, 'तीन वेळा माझ्यामुळे प्रोजेक्ट बोंबलला'? शिवाय ज्याच्याकडे सतत बॉल फेकला जातो, तो समोरच्यांना कच्चा दुवा वाटत असण्याचीही शक्यता असते! खरोखर जबरदस्त कॉर्नरकडे क्वार्टरबॅक बॉल फेकायलाच धजत नाही. त्याची पूर्ण मॅच बघितली तर दोन तास काहीच घडत नाही. ते 'काहीच नाही' वाचता येणं, हे चांगल्या स्काउटचं काम. रिसीव्हर मोकळा झाला नाही म्हणून बॉल आला नाही, की समोरचा क्वार्टरबॅकच यथातथा होता? लहान गावातल्या शाळेत समोरचे रिसीव्हरही तितपतच असतात, मग परीक्षा झाली कुठे?

म्हणून उन्हाळ्यात कॅम्प भरतात. तिथे एकास एक लढत. एक रिसीव्हर, एक कॉर्नर, बाकी मैदान रिकामं. हा सामना तसा कॉर्नरवर अन्यायच, कारण क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून जाणारं कुणी नसतं, त्याला हवा तेवढा वेळ मिळतो. चांगले कोच तिथे हरलेल्या मुलाकडे बघतात. सपशेल हरल्यावर हा मान खाली घालून रांगेच्या मागे जातो, की 'पुन्हा ये' म्हणत पुढच्यासाठी उभा राहतो? या खेळात त्याला 'शॉर्ट मेमरी' म्हणतात. मला विचाराल तर पाचव्या स्टारपेक्षा ही गोष्ट महाग आहे.

२०२२च्या एनएफएल ड्राफ्टमध्ये, म्हणजे प्रोफेशनल टीम्स कॉलेजमधून खेळाडू उचलतात तेव्हा, तिसऱ्या आणि चौथ्या नंबरवर लागोपाठ दोन कॉर्नर गेले. तिसरा डेरेक स्टिंगली ज्युनियर. शाळेत असतानाच पाच स्टार, रिव्हल्सच्या यादीत त्या वर्षी देशात पहिला. आजोबा डॅरिल स्टिंगली न्यू इंग्लंड पेट्रियट्सचे रिसीव्हर. २०१९मध्ये एलएसयूकडून पहिल्याच वर्षी सहा इंटरसेप्शन आणि राष्ट्रीय विजेतेपद. अंदाज शंभर टक्के बरोबर!

आणि चौथा? सॉस गार्डनर. डेट्रॉइटच्या शाळेतला हडकुळा, तीन स्टारवाला पोरगा. मोठ्या नावाच्या कॉलेजांनी रांग लावली नव्हती, तो सिनसिनाटीला गेला. तिथल्या तीन सीझनमध्ये त्याने कव्हर केलेल्या रिसीव्हरला एकही टचडाउन मिळालं नाही. एकही! एनएफएलच्या पहिल्याच वर्षी तो सर्वोत्तम बचाव करणारा नवोदित ठरला.

रिचर्ड शर्मनची कथा तर आणखी वेगळी. कॅलिफोर्नियातल्या कॉम्प्टनचा हा मुलगा स्टॅनफर्डला गेला तो रिसीव्हर म्हणून. तिथे मध्येच कॉर्नर झाला. २०११मध्ये ड्राफ्टमध्ये त्याचा नंबर १५४वा. पण उंची सहा फूट तीन इंच आणि लांब हात. जानेवारी २०१४मध्ये सिअॅटल सीहॉक्सला सुपर बोलमध्ये नेणारा तो शेवटचा बॉल त्याने याच हाताच्या टोकाने उडवला. समोरच्या टीमचे कोच कोण, तर जिम हार्बो, स्टॅनफर्डमधले त्याचेच सर!

म्हणजे स्टार खोटे असतात का? तसं नाही. पाच स्टारवाल्यांपैकी एनएफएलला पोचणाऱ्यांचं प्रमाण तीन स्टारवाल्यांपेक्षा कितीतरी जास्त असतं. फक्त तीन स्टारवाले संख्येनेच इतके असतात की त्यांच्यातून दरवर्षी एखादा गार्डनर निघतो. तो ओळखायचा तर सतरा वर्षांच्या पोरात वीस वर्षांचा माणूस दिसावा लागतो. वजन वाढेल का, घरातली माणसं केवढी आहेत, कुणी नीट शिकवलंय की नुसत्या अंगभूत गुणांवर चाललंय (शिकवलं नसेल तर उलट चांगलं, वाढायला जागा आहे). आणि मार्कशीटही. एनसीएएच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये खेळायचं तर ठरलेले १६ मुख्य विषय आणि त्यात किमान २.३ जीपीए लागतो.

पण या धीराच्या कामाचीच आता गोची झालीय. २०१८मध्ये 'ट्रान्सफर पोर्टल' आलं. २०२१पासून खेळाडू एक वर्ष बाकावर न बसता कॉलेज बदलू शकतो, आणि त्याच वर्षी स्वतःच्या नावावर जाहिरातींतून कमवायची मुभाही मिळाली. २०२५मध्ये कोर्टाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ लागली, पहिल्या वर्षीची मर्यादा कॉलेजमागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर, सगळे खेळ मिळून. त्याच तडजोडीने फुटबॉल टीमवर १०५ जणांचं बंधनही आलं. आता कोचच्या जागी बसून बघा. एका बाजूला तीन वर्षांनी फुलेल असा हडकुळा शाळकरी मुलगा, दुसऱ्या बाजूला पोर्टलमध्ये दोन सीझन खेळलेला बावीस वर्षांचा तयार कॉर्नर. आणि या सीझनला हरलात तर नोकरी तुमची जाणार. 'फ्रेशर नको, दोन वर्षांचा एक्सपिरियन्स हवा', ही ओळ तुम्हाला आम्हाला नवी नाही.

फुलायला वेळ लावणारा पोरगा मग लहान कॉलेजात जातो, आणि तिथे चमकला की पोर्टलमधून वर येतो. किंवा येत नाही. बहुतेक सह्या डिसेंबरमध्येच उरकतात. त्याआधी तोंडी मिळालेली ऑफर कुणालाच बांधील नसते, ना कॉलेजला, ना मुलाला. त्यामुळे नोव्हेंबरच्या शेवटी कोचचा फोन येणं अचानक बंद झालं की तीन स्टारवाल्याच्या घरी सगळ्यांना कळतं, आपल्या जागेवर पोर्टलमधून कुणीतरी येतोय.