पाण्यातील गोगलगाय आणि आजोबांचे शौचालय

सालेकसा परिसरातील माजी मालगुजारी तलाव, बोड्या आणि बाघ नदीचे खोरे यांवर आपले धान पिकते, जनावरे जगतात, धुणेभांडी होतात. प्यायचे पाणी उकळले की पाण्याचा धोका टळला, असे पुष्कळांना वाटते. मात्र काही परजीवी पोटातून येतच नाहीत, ते ओल्या त्वचेतून शरीरात शिरतात.

याचे महाराष्ट्रातील उदाहरण रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी हे गाव होय. आफ्रिका व पश्चिम आशियाचा मानला जाणारा मूत्रमार्गाचा शिस्टोसोमायसिस हा विकार तेथील रहिवाशांना जडल्याचे डॉ. गाडगीळ व डॉ. शहा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केले. लघवीतून रक्त जाणे हे त्याचे ठळक लक्षण. पुढे त्यांनी या परजीवीचा वाहक म्हणून ‘फेरिसिया टेनुइस’ या गोगलगायीकडे बोट दाखवले. टोपीच्या आकाराची ही गोगलगाय इतकी लहान असते, की पाण्यात हात घालणाऱ्याला ती दिसणेही कठीण.

रोगाचे चक्र समजून घ्यावे, कारण उपाय त्यातच आहे. बाधित माणसाच्या लघवीतून (या परजीवीच्या अन्य जातींत शौचातून) अंडी पाण्यात पडतात. त्यांतून निघालेली सूक्ष्म अळी गोगलगायीत शिरते, तेथे काही आठवड्यांत तिची संख्या अनेक पटींनी वाढते आणि नवे रूप घेऊन ती पुन्हा पाण्यात उतरते. या अळ्या जेमतेम एक-दोन दिवस जगतात, पण पाण्यात उभ्या माणसाची त्वचा भेदायला त्यांना काही मिनिटे पुरतात. गोगलगाय पाण्यात राहणारच. माणसाची घाण पाण्यापर्यंत पोहोचली नाही, तर तिच्याजवळ पुढे देण्यासारखे काही उरत नाही.

घाबरण्याचे कारण नाही. माझ्या दवाखान्यात या विकाराचा रुग्ण मला आढळलेला नाही, आणि ‘प्राझिक्वांटेल’ हे औषध त्यावर गुणकारी आहे. मात्र याच कुळातील, जनावरांच्या व बदकांच्या परजीवींच्या अळ्या माणसाच्या त्वचेत शिरून तेथेच मरतात. रोवणीच्या दिवसांत बांधीतून आल्यावर पायांना खाज सुटून लाल पुटकुळ्या उठल्या, तर हेही एक कारण असू शकते. आठवडाभरात त्या सहसा बसतात. परंतु मधुमेही वृद्धाने खाजवून जखम केली, तर ती चिघळते. बांधीतून येताच पाय स्वच्छ पाण्याने धुऊन टॉवेलने खसखसून पुसावेत.

आता घरातील मंडळींना थोडे स्पष्टच सांगतो. घरी शौचालय असूनही आजोबा लोटा घेऊन तलावाकडे निघाले, की आपण त्यांना हट्टी ठरवतो. त्यांचे गुडघे कधी पाहिलेत? उकिडवे बसवत नाही, बसले तर उठवत नाही, आत दिवा नाही, धरायला काही नाही, आणि अंगणातील वाट पावसाळ्यात निसरडी. तलावाच्या पाळीवर निदान झाडाचा आधार मिळतो! भिंतीत एक भक्कम दांडी बसवा, दिवा लावा, भांड्यावर ठेवण्याची खुर्ची आणा. जुन्या लाकडी खुर्चीला मधोमध भोक पाडून गावचा सुतारही ती करून देतो. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाचे भांडे शौचालयातच रिकामे करावे. ते नाल्यात विसळण्याची सवय मी अनेक घरांत पाहतो. शौचखड्ड्याचे पाणी बोडीकडे झिरपत वा वाहत नाही ना, हेही पाहून घ्यावे.

एक लक्षण मात्र अंगावर काढू नका. साठीनंतर लघवी लाल झाली, मग वेदना असो वा नसो, एकदाच होऊन थांबली असली तरीही, ‘उष्णता झाली’ म्हणून धने-जिऱ्याच्या पाण्यावर भागवू नये. संसर्ग, खडा, प्रोस्टेट किंवा मूत्राशयाचा कर्करोग यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. लघवीची तपासणी व सोनोग्राफी त्याच आठवड्यात करून घ्यावी. ज्येष्ठांना हे सांगायला संकोच वाटतो, म्हणून सुनेने वा नातवानेच अधूनमधून विचारावे.