शोभेचा नाही, चालू डबा

सोफा, फुलदाणी, भिंतीवरचं घड्याळ आणि कोपऱ्यात चक्क खेळता येणारा डाँकी काँग! 2002 साली अमेरिकेत निन्टेंडोच्या गेमक्यूब या यंत्रावर 'अ‍ॅनिमल क्रॉसिंग' हा खेळ आला आणि मुलांच्या हाती हे अजब फर्निचर लागलं. खेळ तसा निवांत. प्राण्यांच्या गावात राहायला जायचं, टॉम नूक या दुकानदाराचं कर्ज डोक्यावर घ्यायचं, मासे धरायचे, फळं विकायची, घर सजवायचं. त्या सामानात कधीतरी एक करडा डबा मिळायचा, निन्टेंडोचं 80च्या दशकातलं गेमयंत्र, एनईएस. त्याच्यासमोर उभं राहून बटण दाबलं की टीव्हीभर जुना गेम सुरू. नुसती झलक नाही, अख्खा गेम!

असे एकूण 19 गेम त्या डिस्कवर होते. टेनिस, गोल्फ, पिनबॉल, एक्साइटबाइक, बलून फाइट... आणि 'डाँकी काँग ज्युनियर मॅथ'. हो, बेरीज-वजाबाकीचा! वाढदिवसाला कंपासपेटी देणारे काका जपानातही असावेत.

एवढे गेम मावले कसे? मूळ 'सुपर मारिओ ब्रदर्स' जेमतेम 40 किलोबाइटचा आणि गेमक्यूबची डिस्क साधारण दीड गिगाबाइटची. हिशेब केला तर एका डिस्कवर 35 हजारांहून जास्त मारिओ बसतील. आपल्याकडे 90च्या दशकात एनईएसच्या नकला टीव्हीला जोडून, कॅसेटमध्ये फुंकर मारमारून मारिओ खेळलेली मंडळी आता चाळिशीला टेकली आहेत. त्यांनी हा आकडा पुन्हा वाचावा.

गंमत म्हणजे तोच 'सुपर मारिओ ब्रदर्स' अमेरिकेतल्या खेळाडूंना सरळ मार्गाने मिळतच नव्हता. 'झेल्डा'ही नाही. दोन्ही डिस्कवर होते, पण कुलूपबंद. चीट चालवणारं उपकरण लावलं तरच उघडायचे. 'आइस क्लाइंबर' आणि 'मारिओ ब्रदर्स' हवे असतील तर वेगळी कार्डं विकत घेऊन ई-रीडर या कार्ड वाचणाऱ्या उपकरणात सरकवायची. चाहत्यांनी या चौकडीला 'निषिद्ध चार' म्हणायला सुरुवात केली. कपाट आपल्या घरात आणि किल्ली दुकानदाराकडे, असा हा मामला.

सगळ्यात झकास गोष्ट एका रिकाम्या डब्याची. खेळात गेम नसलेला नुसता एनईएसही मिळायचा. बटण दाबलं की 'सॉफ्टवेअर नाही' एवढंच उत्तर. लोकांनी तो शोभेला ठेवून दिला. 2018 साली जेम्स चेंबर्स या सुरक्षा-संशोधकाने आतला कोड उसवला तेव्हा कळलं, की हा डबा दर वेळी मेमरी कार्डवर गेमची फाइल शोधत होता! नीट बांधलेली फाइल ठेवली, की ती तो चालवायचाही. तब्बल सोळा वर्षं तो इमानेइतबारे शोधत राहिला आणि आपण त्यावर फुलदाणी ठेवली.

असला उद्योग फक्त निन्टेंडोचा नव्हे. सेगाच्या 1999च्या 'शेनमू'मध्येही गावातल्या आर्केडमध्ये 'हँग-ऑन' आणि 'स्पेस हॅरियर' मनसोक्त खेळता येत. नायकाच्या घरी सेगा सॅटर्न हे गेमयंत्रसुद्धा आहे. कथा घडते 1986 मध्ये, सॅटर्न बाजारात आला 1994 मध्ये. असो, पोराने आगाऊ बुकिंग केलं असेल.

'अ‍ॅनिमल क्रॉसिंग'च्या 2005मधल्या 'वाइल्ड वर्ल्ड' या पुढच्या भागातून मात्र हे गेम गायब झाले. बेटावर घडणाऱ्या 2020च्या 'न्यू होरायझन्स' या भागात घरात ठेवायला निन्टेंडो स्विच मिळाला, पण दिखाऊ. माझ्या मते त्या सुंदर बेटावरची ही सर्वात कंजूस वस्तू. मग ऑक्टोबर 2025 मध्ये निन्टेंडोने जाहीर केलं, की याच भागाच्या नव्या अपडेटमध्ये जुनी यंत्रं घरात परत येणार आणि त्यांवर गेमही चालणार. अट एकच, कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी भरलेली हवी. नूकचं कर्ज फेडून घर आपलं झालं तरी डब्याचं भाडं चालूच.