नगर शहराचे एका दिवसाचे दर्शन

शिर्डीस व शनिशिंगणापुरास जाणारे पुष्कळ यात्रेकरू नगर शहरावरून जातात. परंतु वाटेत चहा घेण्यापलीकडे या गावाशी त्यांचा परिचय घडत नाही. त्यांनी परतताना येथे एक दिवस मुक्काम करावा, अशी माझी विनंती आहे. मात्र येथे नावावरून वस्तूची पारख करू नये.

हे शहर मलिक अहमद निजामशहाने १४९४ च्या सुमारास वसविले. त्याचा पिता मूळचा पाथरीच्या ब्राह्मण कुळातला, असे फेरिश्ता हा इतिहासकार सांगतो. अहमदाची कबर बागरोजात आहे. सकाळी तेथूनच आरंभ करावा. पुढे शाह शरीफ यांचा दर्गा पाहावा. मालोजीराजांनी या पिरास नवस केला व पुत्रांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा आहे. शिवछत्रपतींच्या पित्याच्या नावाचा उगम हा असा नगरात आहे.

भुईकोट किल्ल्यास निवांत वेळ द्यावा. हुसेन निजामशहाने तो दगडी बांधविला. १५९५-९६ साली मोगलांनी तटास खिंडार पाडले असता चांदबिबीने ते रातोरात बुजविले. याच किल्ल्यात १९४२ पासून १९४५ पर्यंत नेहरू, पटेल, मौलाना आझाद प्रभृती बंदिवान होते. नेहरूंनी आपला भारतशोधाचा ग्रंथ १९४४ मध्ये येथेच लिहिला. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे प्रवेशाची आधी चौकशी करावी. जवळच दमडी मशीद आहे. किल्ल्यावर खपणाऱ्या मजुरांनी दमडी दमडी जमवून ती उभारली, असे सांगतात. तिच्या दगडावरील नक्षी मात्र बादशाहास शोभेल अशी आहे.

दुपारी माळीवाड्यातील विशाल गणपतीचे दर्शन घ्यावे. अमेरिकन मराठी मिशन येथे १८३१ मध्ये आले. त्याच्या सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांस पुण्यात तशी शाळा काढण्याची स्फूर्ती झाली. दौंडच्या वाटेवर अरणगावानजीक मेहेरबाबांची समाधी आहे. इराणी झरतुष्ट्री कुळातल्या या पुरुषाच्या दर्शनास परदेशांतूनही भक्त येतात.

सायंकाळी पाथर्डी रस्त्याने शहाडोंगरावर जावे. तेथील अष्टकोनी, तीन मजली इमारतीस लोक चांदबिबीचा महाल म्हणतात. वस्तुतः ती १५८९ साली निवर्तलेल्या सलाबतखान या वजिराची कबर होय. सारे नगर तेथून दृष्टीस पडते. परतताना फराहबाग पाहावी. १५८३ मध्ये पुरा झालेला हा महाल पूर्वी तळ्याच्या मध्यभागी होता; आता पाणी नाही आणि गिलावाही झडला आहे.

२०२४ साली शहराचे नाव अहिल्यानगर झाले. अहिल्याबाई याच जिल्ह्यातील चौंडीच्या कन्या. त्यांनी आपल्या राज्याबाहेरही, काशीपासून दूरदूरच्या क्षेत्री, घाट बांधिले व मोडकी देवळे उभी केली. त्यांचे नाव धारण करणाऱ्या गावाने आपल्या पडक्या वास्तू, मग त्या कोणीही बांधिलेल्या असोत, जतन करणे हेच त्या नावास साजेसे आहे. आणि पाहुण्यांनी त्या भिंतींवर स्वतःचे नाव कोरू नये, एवढे केले तरी त्या कामास त्यांचा हातभार लागेल.