व्रणरोपण, वराह आणि आपली औषधशाळा

गळीत हंगाम सुरू झाला की सोनई परिसरातील वैद्यांकडे ऊसतोड मजूर येऊ लागतात. कोयत्याचा घाव, पाचटाने चिरलेली त्वचा, तळपायाच्या भेगा. अशा व्रणांवर शार्ङ्गधरोक्त जात्यादि तैल आपण निःशंकपणे योजतो. ग्रंथोक्त उपयोगासाठी ग्रंथाचा आधार कायद्यालाही मान्य आहे. परंतु त्याच तैलाचे मलम करून एखाद्या औषधशाळेने नव्या व्याधीवर गुणकारी असल्याचा दावा केला, तर 2010 पासून लागू असलेल्या 158-ब नियमानुसार परिणामकारकतेचा पुरावा द्यावा लागतो. अशा वेळी बहुधा उंदरांवरील प्रयोग पुढे केला जातो, आणि अडचण नेमकी तेथेच आहे.

उंदराची त्वचा सैल असते. तिच्याखालील स्नायूच्या थरामुळे व्रणाच्या कडा आकसून एकत्र येतात व व्रण लवकर मिटतो. श्रेय मात्र औषधाला मिळते. डुकराची त्वचा मनुष्याप्रमाणे खालच्या मेदस्तराला घट्ट चिकटलेली, जाड व विरळ केसांची असते. तिचा व्रण प्रामुख्याने नवी त्वचा वाढून भरतो. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात डुकरांवरील निष्कर्ष मानवी निष्कर्षांशी 78 टक्के, तर लहान प्राण्यांवरील निष्कर्ष 53 टक्केच जुळल्याचे आढळले.

वराह आपल्या शास्त्राला परका नाही. चरकांनी बस्तियंत्रासाठी सुचविलेल्या मूत्राशयांत वराहाचाही समावेश आहे, आणि आनूप पशूंच्या वसांमध्ये वराहवसा श्रेष्ठ मानली आहे.

तथापि उपयुक्तता हा परवाना नव्हे. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा व 1998 चे नियम यांनुसार प्रयोगसंस्थेची नोंदणी आणि नैतिक समितीची पूर्वसंमती अनिवार्य आहे. औषधशाळेच्या मागील अंगणात दोन डुकरे बांधून 'चाचणी' उरकणे हा गुन्हा होय. असे विचारणारे भेटतात, म्हणून स्पष्ट लिहिले.

निगा हीदेखील शास्त्राचाच भाग आहे. डुकराला घामाने शरीर थंड करता येत नाही. आपल्याकडील उन्हाळ्यात सावली, वारा व पाण्याचा शिडकावा नसेल तर ते दगावते. ते बुद्धिमान व कळपप्रिय आहे. व्रण चावले जाऊ नयेत म्हणून वेगळे ठेवणे भाग पडले, तरी सोबत्यांचे दर्शन व गंध त्याला मिळाला पाहिजे. उकरण्यासाठी पेंढा द्यावा. वेदनाशामक न देता व्रण करणे तर अक्षम्यच. भयभीत प्राण्याच्या रक्तातील तणावजन्य द्रव्ये व्रणरोपण मंदावतात, म्हणजे निष्कर्षही बिघडतो. फळाचा तुकडा देऊन हळूहळू सवय लावली, तर तेच डुक्कर पट्टी बदलताना शांत उभे राहते.

पुष्कळदा जिवंत प्राण्याची गरजच नसते. जात्यादि तैलात मोरचूद असते, व ते अनुसूची ई-1 मधील विषद्रव्य आहे. मलमातील ताम्र त्वचेतून किती झिरपते हे पाहावयाचे असेल, तर कत्तलखान्यातून आणलेल्या डुकराच्या कानाची त्वचा पुरते. दोन कप्प्यांच्या काचपात्रात ती मधोमध बसवून वर मलम लावतात, त्वचेचे तापमान सुमारे 32 अंशांवर राखतात आणि खालच्या द्रवात काय उतरले ते ठराविक तासांनी मोजतात. कान मात्र उकळत्या पाण्यात धुण्यापूर्वीच घ्यावा. एकदा भाजलेली त्वचा काहीही आरपार जाऊ देते.