ध्रुवीय प्रकाशाच्या शोधात: सहा जण, पाच रात्री

ध्रुवीय प्रकाशाचे फोटो आता भिंतीवरच्या कॅलेंडरपासून मोबाईलपर्यंत सगळीकडे दिसतात. खाली बर्फाचे डोंगर आणि वर हिरव्या पडद्यासारखा झुलणारा प्रकाश. आपल्याकडच्या सहलींच्या जाहिरातींतही हे चित्र हमखास असते. शिक्षकांच्या एखाद्या गटाने किंवा खगोल मंडळातल्या पाच-सहा हौशी मंडळींनी तिकडे जायचा बेत केला, तर खर्च बराच येतो. काही वर्षांची बचत एका आठवड्यात संपते. एवढे करून आकाश ढगाळच राहिले तर?

ही शक्यता पुसून टाकता येत नाही, कमी मात्र करता येते. ती कमी करण्याचे जवळजवळ सगळे उपाय भूगोल, भौतिकशास्त्र आणि गणित यांतून येतात. म्हणून ज्यांना प्रत्यक्ष जायचे नाही, त्यांनीही हा बेत वर्गात एकदा आखून पाहावा असे आम्हाला वाटते. समजा, आपण सहा जण आहोत, पाच रात्री हाताशी आहेत आणि नॉर्वेतल्या ट्रॉम्सो या गावी मुक्काम करायचा आहे.

ट्रॉम्सोच का? हे गाव जवळपास ७० अंश उत्तर अक्षांशावर आहे. पण 'जितके उत्तरेला तितके चांगले' हा समज बरोबर नाही. सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहातून, म्हणजे सौर वाऱ्यातून, पृथ्वीच्या चुंबकावरणाला ऊर्जा मिळते. तिथे वेग घेतलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय बलरेषांच्या वाटेने खाली वातावरणात शिरतात. ते थेट ध्रुवावर उतरत नाहीत, तर ध्रुवाभोवतीच्या एका कंकणाकृती पट्ट्यात उतरतात. या कंकणाचा मध्य भौगोलिक ध्रुवावर नसून कॅनडाच्या उत्तर टोकाकडच्या एलस्मिअर बेटावरील भूचुंबकीय ध्रुवाजवळ आहे. म्हणूनच कॅनडातले यलोनाइफ गाव ६२.५ अंशांवर असूनही या पट्ट्याखाली येते. पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर दोऱ्याचे कडे तिरके ठेवून दाखवले, तर हे मुलांना चटकन समजते. ट्रॉम्सो या पट्ट्याखालीच येते आणि विमानतळ, इस्पितळ व हॉटेले असलेले नांदते गाव आहे. शिवाय अटलांटिक महासागरातील उष्ण प्रवाहामुळे तिथला जानेवारीही सरासरीने शून्याखाली चार-पाच अंशांपेक्षा फारसा उतरत नाही.

पण हा उष्ण प्रवाहच अडचणही आणतो. समुद्रावरून येणारी दमट हवा किनाऱ्यावरच्या डोंगरांना अडते आणि ढग तयार होतात. आपल्या सह्याद्रीचीच गोष्ट! महाबळेश्वरला कोसळतो तेव्हा वाईच्या पूर्वेला ऊन असते, तसे तिथेही डोंगरांपलीकडे पर्जन्यछायेचा प्रदेश आहे. ट्रॉम्सोहून शंभरेक किलोमीटरवरचे स्किबोट्न आणि त्याच्याही पुढे फिनलंडच्या हद्दीतले किल्पिसयार्वी इथे आकाश निरभ्र असण्याची शक्यता किनाऱ्यापेक्षा जास्त असते. तिथे थंडी मात्र उणे २० ते उणे ३० अंशांपर्यंत जाऊ शकते. म्हणजे मुक्काम किनाऱ्यावर आणि शिकार आत, अशी ही योजना. रोज संध्याकाळी ढगांचा नकाशा पाहायचा आणि त्याप्रमाणे दिशा ठरवायची. हॉटेलच्या गच्चीत बसून वाट पाहणे हा सगळ्यात वाईट बेत.

केव्हा जायचे?

मे ते जुलै तिथे रात्रच होत नाही, त्यामुळे हंगाम ऑगस्टअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतचा. नोव्हेंबरअखेरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. अंधार भरपूर मिळतो, पण दिवसा फिरणे अवघड होते. आमची पसंती फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य या काळाला आहे. शरद ऋतूच्या मानाने हे दिवस कोरडे असतात, दिवसा छान उजेड असतो आणि रात्री साडेसातनंतर पुरेसा अंधारही होतो. आणखी एक फायदा म्हणजे विषुवदिनांच्या आसपास, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, चुंबकीय वादळे जास्त होतात असे दीर्घकाळच्या नोंदी सांगतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा सौर वाऱ्यातील चुंबकीय क्षेत्राशी होणारा कोन त्या वेळी अनुकूल असतो.

तारीख ठरवताना घरातले कालनिर्णय काढावे. ऐन अमावास्या मंद प्रकाशासाठी उत्तम. फोटोत बर्फाचे डोंगरही हवे असतील, तर अमावास्येनंतरचे चार-सहा दिवस घ्यावेत, कारण चंद्रकोरीच्या उजेडात जमीन उजळून निघते. पौर्णिमा टाळावी. डिसेंबरातला पौर्णिमेचा चंद्र त्या अक्षांशावर कित्येकदा मावळतच नाही!

आता पाच रात्रीच का, हे पाहू. एका रात्री आकाश मोकळे मिळण्याची संभाव्यता ०.४ धरू. (हा आकडा केवळ उदाहरणासाठी घेतला आहे.) एकही रात्र मोकळी न मिळण्याची संभाव्यता तीन रात्रींसाठी ०.६ चा घन, म्हणजे ०.२१६, पाच रात्रींसाठी ०.६ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.०७८. म्हणजे तीन रात्रींत यशाची शक्यता ७८ टक्के, पाच रात्रींत ९२ टक्के. दोन रात्री वाढवण्याचा खर्च विमानभाड्याच्या मानाने थोडा, फायदा मोठा. मात्र या गणितात एक गृहीत लपलेले आहे, ते विद्यार्थ्यांकडूनच काढून घ्यावे: एका रात्रीचे हवामान दुसऱ्या रात्रीपासून स्वतंत्र आहे असे आपण मानले. प्रत्यक्षात ढगाळ हवा आली की दोन-तीन दिवस मुक्काम ठोकते. त्यामुळे खरी शक्यता ९२ पेक्षा कमीच असणार. 'हमखास दर्शन' असे छापणाऱ्या जाहिरातीला हाच प्रश्न विचारायला हवा.

सूर्याकडचा अंदाजही पाहायचा असतो, पण त्याचे स्तोम नको. चुंबकीय हालचाल केपी नावाच्या ० ते ९ या अंकांत सांगतात. अनेक जण केपी ५ होण्याची वाट पाहतात. ते आणखी दक्षिणेकडच्या लोकांना ठीक आहे. ट्रॉम्सो पट्ट्याखालीच असल्याने तिथे केपी १ किंवा २ असतानाही प्रकाश दिसतो. सूर्य पृथ्वीवरून पाहता सुमारे २७ दिवसांत स्वतःभोवती फिरतो, म्हणून जोरदार सौर वारा सोडणारा भाग २७ दिवसांनी पुन्हा आपल्यासमोर येण्याची शक्यता असते. दूरचा अंदाज एवढाच. पक्की सूचना मिळते ती सूर्याच्या दिशेने १५ लाख किलोमीटरवर असलेल्या उपग्रहांकडून, तीही अर्धा-पाऊण तास आधी. त्याच परिसरात जानेवारी २०२४ पासून आपले आदित्य-एल१ यानही सौर वाऱ्याचे मोजमाप करत आहे. अर्ध्या तासात शंभर किलोमीटर जाता येत नाही, म्हणून आधी मोकळे आकाश गाठायचे आणि सूर्यावर भरवसा ठेवायचा, हा क्रम.

गट लहान का हवा, तेही यातूनच कळते. सहा माणसे आणि स्थानिक चालक एका गाडीत मावतात आणि दिशा पाच मिनिटांत बदलता येते. चाळीस जणांच्या बसला ते जमत नाही. कुणाचा तरी टॉर्च लागतो, कुणी तिपाईला धडकतो आणि सगळ्यांचे फोटो जातात. गाडी स्वतः चालवण्याचा मोह आवरावा. बर्फ गोठलेल्या घाटरस्त्यावर आपला सराव कामाचा नाही. व्हिसा शेंगेन गटाचा लागतो. त्यासाठी सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेव्हा तो शेवटच्या महिन्यावर टाकू नये.

कॅमेरा आणि डोळा

कॅमेऱ्याचे तंत्र अवघड नाही. रुंद कोनाचे भिंग, एफ/२.८ किंवा त्याहून मोठे छिद्र, आयएसओ १६०० ते ३२००, दोन ते दहा सेकंदांचे एक्स्पोजर आणि भक्कम तिपाई. फोकस आपोआप होत नाही. एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने जुळवावा लागतो. प्रकाश भराभर हलत असेल तर वेळ कमी करावा, नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसल्या जाऊन नुसता हिरवा धूर उरतो.

भिंगावरचा संरक्षक फिल्टर मात्र आठवणीने काढावा. तो ठेवला तर फोटोच्या मध्यभागी एकात एक वर्तुळे उमटतात. याचे कारण मजेदार आहे. ध्रुवप्रकाशाचा हिरवा रंग जवळजवळ एकाच तरंगलांबीचा, ५५७.७ नॅनोमीटरचा असतो. फिल्टरच्या समांतर पृष्ठभागांवरून परतणाऱ्या किरणांचे व्यतिकरण होऊन कडी तयार होतात. साध्या पांढऱ्या उजेडात अनेक तरंगलांब्यांची कडी एकमेकांवर पडून मिसळून जातात, म्हणून एरवी हे दिसत नाही. पाठ्यपुस्तकातली न्यूटनची कडी आठवावीत.

हा हिरवा रंग ऑक्सिजनच्या अणूंचा, साधारण १०० ते १५० किलोमीटर उंचीवरचा. उत्तेजित झालेला अणू तो सोडायला सुमारे पाऊण सेकंद घेतो. त्याच ऑक्सिजनचा लाल रंग (६३० नॅनोमीटर) सुटायला मात्र जवळपास दोन मिनिटे लागतात. खाली हवा दाट असते, तेवढ्या वेळात दुसऱ्या कणाशी टक्कर होऊन ऊर्जा निघून जाते. म्हणून लाल रंग २०० किलोमीटरच्या वर, विरळ हवेतच दिसतो. मे २०२४ मधील मोठ्या चुंबकीय वादळात लडाखमधील हान्ले येथून जे फोटो निघाले, त्यांत फक्त तांबडी आभा होती, तेही यामुळेच. प्रकाशाचा पट्टा दक्षिणेला सरकला तरी तो हान्लेपासून फार दूर होता. पृथ्वीच्या गोलाईमुळे हिरवा भाग क्षितिजाखाली राहिला आणि फक्त सर्वांत उंच, लाल भाग वर डोकावला.

एक गोष्ट निघण्यापूर्वीच सोबत्यांना सांगून ठेवावी. मंद ध्रुवप्रकाश डोळ्यांना फोटोसारखा हिरवा दिसत नाही. अंधारात आपण दंडपेशींनी पाहतो आणि त्यांना रंग कळत नाहीत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो राखाडी ढगच वाटतो. शंका आली तर एक फोटो काढावा. ढग हिरवा निघत नाही. प्रकाश जोरात आला की रंग डोळ्यांनाही दिसतात. त्यासाठी डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि मोबाईलचा पडदा एकदा पाहिला की ती कमाई गेली.

थंडीत बॅटरीतील रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून जादा बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवाव्या. परत आल्यावर गार कॅमेरा एकदम उबदार खोलीत उघडू नये. थंड पाण्याच्या पेल्यावर बाहेरून जमते तसे पाणी भिंगावर आणि आतही जमते. बाहेरच प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून दोन-तीन तास तसाच ठेवावा.

फोटो काढून झाले, आता पुढे काय? ध्रुवप्रकाशाचा पहिला फोटो १८९२ साली उत्तर नॉर्वेत मार्टिन ब्रेंडेल या जर्मन संशोधकाने घेतला. पुढे नॉर्वेचे गणितज्ञ कार्ल स्टॉर्मर यांनी १९१० पासून फोटोंना मोजपट्टी बनवले. दूरध्वनीने जोडलेल्या दोन ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो घ्यायचे. पार्श्वभूमीच्या ताऱ्यांत प्रकाशाची जागा दोन्हींत वेगळी दिसते. हाताचे बोट समोर धरून एकेक डोळा मिटला की बोट सरकते, तसेच. खगोलशास्त्रात याला पराशय म्हणतात.

आपल्या सहा जणांना एखाद्या रात्री दुसरी गाडी परवडली, तर तिघा-तिघांनी २० किलोमीटर अंतरावर, शक्यतो एकमेकांच्या उत्तर-दक्षिणेला उभे राहावे, कारण प्रकाशाच्या कमानी बहुधा पूर्व-पश्चिम पसरतात. मोबाईलवर सेकंद मोजून दोन सेकंदांचे फोटो एकदम घ्यावेत. कमान दोघांच्या मधोमध डोक्यावर, १०० किलोमीटर उंच असेल, तर ती ताऱ्यांमध्ये सुमारे ११ अंश सरकलेली दिसेल. सप्तर्षींमधले क्रतू आणि पुलह हे दोन तारे एकमेकांपासून साडेपाच अंशांच्या आतबाहेर आहेत, म्हणजे त्याच्या दुप्पट. एवढा फरक साध्या पट्टीनेही फोटोवर मोजता येतो. उंचीचे त्रिकोणमिती गणित दहावीच्या आवाक्यातले आहे.

या सगळ्याची तालीम इथेच करावी. गावापासून दूर, अंधाऱ्या माळावर अमावास्येच्या रात्री जमायचे. ताऱ्यावर फोकस, छिद्र, वेळ, बॅटरी बदलणे, सगळे टॉर्चशिवाय आणि हातात जाड लोकरी मोजे घालून. आपल्याकडच्या उकाड्यात मोज्यांचे हसू येईल, पण उणे २० अंशांत मोजे काढून बटण शोधायला बोटे फार वेळ साथ देत नाहीत.