पाखरांचे एक वर्ष आणि कॅमेऱ्याची साक्ष

आपल्या धर्मग्रामांतील अनेक युवक-युवतींच्या हाती आज चांगले कॅमेरे आले आहेत आणि सुट्टीच्या दिवशी तलावाकाठी पाखरे टिपणाऱ्यांची संख्या वाढत आहे. छंद उत्तम आहे. मात्र वन्य पक्ष्यांची छायाचित्रे वर्षभर घ्यावयाची, तर कोणत्या ऋतूत काय पाहावे आणि कोठे थांबावे, याची जाण हवी. प्रस्तुत लेखात नागपूर व विदर्भ डोळ्यांसमोर ठेवून आम्ही तेच मांडत आहोत.

पक्षिवर्षाचा आरंभ नोव्हेंबरपासून धरणे सोयीचे. महाराष्ट्रात २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह मानला जातो. ५ नोव्हेंबर हा अरण्यऋषी मारुती चितमपल्ली (१९३२-२०२५) यांचा जन्मदिवस, तर १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली (१८९६-१९८७) यांचा. चितमपल्लींनी वनसेवेतील उमेदीची वर्षे नवेगाव बांधच्या रानात घालविली आणि ‘पक्षिकोश’ देऊन मराठी वाचकाला पाखरांची नावे दिली. याच सुमारास नागपूर परिसरातील तलावांवर थापट्या, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे उतरू लागतात. हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब हंसही जिल्ह्यातील जलाशयांवर दिसतात. अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या काठावर उजाडण्यापूर्वी जाऊन बसावे, सूर्य पाठीशी ठेवावा आणि कॅमेरा पक्ष्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आणावा. उडणारा पक्षी सुस्पष्ट हवा असेल तर शटरचा वेग सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी ठेवून चालत नाही. चारशे मिलिमीटरची भिंग असल्यास दूर राहूनही काम भागते.

फाल्गुनात पळस व काटेसावर फुलली की एकाच झाडासमोर सकाळ घालवावी. शिंजीर, मैना, बुलबुल मधासाठी तेथे येतात. मध्य आशियाकडे परतण्याच्या तयारीतील पळसमैनांचे थवेही याच वेळी दिसतात. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा रानातील पाणवठा हेच पक्ष्यांचे जीवन असते. आपण पाण्याला चिकटून बसलो तर तहानलेला पक्षी झाडावरच ताटकळतो. म्हणून पाणवठ्यापासून अंतर राखणे हा उन्हाळ्यातील पहिला नियम होय.

मृगाच्या आगेमागे चातक येतो. मध्य व उत्तर भारतात पावसाबरोबर दिसणारा हा पक्षी आफ्रिकेतून येतो आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात घालतो. पुढे भाताची खाचरे पाण्याने भरली की गोंदिया जिल्ह्यात सारसांची वीण सुरू होते. महाराष्ट्रात सारस फारच थोडे उरले आहेत आणि त्यांपैकी बहुतेक याच जिल्ह्यात आहेत. मादी बहुधा दोनच अंडी घालते आणि नर-मादी आळीपाळीने सुमारे महिनाभर ती उबवितात. छायाचित्रकार जवळ गेल्यामुळे जोडी घरट्यावरून उठली, तर अंडी उन्हात तापतात आणि कावळ्यांनाही संधी मिळते. घरट्याचे छायाचित्र न घेणे, हा जाणत्यांनी स्वतःवर घातलेला निर्बंध या कारणाने आला आहे.

पाऊस सरला की आणखी एक प्रवासी महाराष्ट्रावरून जातो. तो म्हणजे अमूर ससाणा. सायबेरिया व उत्तर चीनकडून निघालेला हा चिमुकला शिकारी ईशान्य भारतात विसावतो, पुढे भारत ओलांडून अरबी समुद्रावरून न थांबता आफ्रिका गाठतो आणि आपल्या हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेच्या माळांवर उन्हाळा अनुभवतो. तेथे वर्षभर पक्षी टिपणाऱ्याच्या चित्रात जानेवारीत जो ससाणा येतो, तो नोव्हेंबरात आपल्या आकाशातून गेलेला असू शकतो.

या ससाण्यानेच कॅमेऱ्याचे खरे मोल दाखवून दिले. २०१२ साली नागालँडमधील दोयांग जलाशयाकाठी जाळी लावून हजारो अमूर ससाणे मारले जात असल्याची दृश्ये निसर्गप्रेमींनी जगापुढे आणली. गावोगावी प्रबोधन झाले, ग्रामपरिषदांनी बंदी घातली आणि २०१३ मध्ये तेथील हत्या थांबली. त्याच वर्षी तीन ससाण्यांवर उपग्रह-यंत्रे बसविण्यात आली व त्यांचा आफ्रिकेपर्यंतचा मार्ग कळला.

दुसरे उदाहरण आपल्याच राज्यातील. रानपिंगळा हे घुबड १८८४ नंतर कोणास खात्रीने दिसलेच नव्हते. रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत एक पक्षी मिळविल्याचा दावा केला होता. पुढे तो नमुना संग्रहालयातून चोरून, खोटी चिठ्ठी लावलेला असल्याचे उघड झाले. त्या खोट्या नोंदीने शोध घेणाऱ्यांची दिशाभूल केली होती. पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बाजूस सारली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग काढला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा पाहून त्याची छायाचित्रे घेतली. पुढे हा पक्षी मेळघाटातही आढळला.

म्हणून छायाचित्र ही एक साक्ष आहे आणि साक्ष खरी असावी. प्रत्येक चित्रासोबत तारीख, ठिकाण व वेळ लिहून ठेवावी. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून अथवा आमिष दाखवून पक्ष्याला समोर आणू नये, कारण ते वागणे त्याचे स्वाभाविक नसते. दुर्मीळ पक्ष्याची नेमकी जागा जाहीर करू नये. अभयारण्यात वनखात्याचे नियम पाळावेत. आणि पक्षी मान उंचावून आपल्याकडे रोखून पाहू लागला, चारा टिपणे थांबवू लागला, तर तेथून मागे सरावे.

निर्मितीतील हे जीव आपल्या संग्रहासाठी जगत नाहीत. येत्या नोव्हेंबरात आपल्या जवळच्या एकाच तलावाची निवड करावी आणि वर्षभर दर आठवड्याला तेथे जाऊन नोंद करावी. वर्षाअखेरीस हाती दहा चित्रे उरली तरी चालतील. त्या तलावावर कोण केव्हा येते आणि कोण येईनासे झाले आहे, हे त्या वहीतून गावाला सांगता येईल.