स्टेडियमवरून विमानं गेली... बिल कोणाच्या नावावर?

सामना सुरू व्हायच्या आधी लष्करी जेट विमानं गर्जत डोक्यावरून जातात आणि हजारो माना एकदम वर होतात. अमेरिकेत हे नेहमीचंच, आपल्याकडे अजून नवलाईचं. या काही सेकंदांमागे घड्याळ असतं, पैशाचा हिशेब असतो आणि कधी कधी जिवाचा धोकाही.

१९ नोव्हेंबर २०२३. अहमदाबादचं नरेंद्र मोदी स्टेडियम, क्रिकेट विश्वचषकाचा अंतिम सामना. नाणेफेक जिंकून ऑस्ट्रेलियाने क्षेत्ररक्षण घेतलं होतं. भारताचे सलामीवीर मैदानात उतरायच्या आधी आकाशात लाल-पांढऱ्या रंगाची नऊ हॉक विमानं अवतरली. हवाई दलाची सूर्यकिरण तुकडी! पुढली काही मिनिटं क्रिकेट बाजूला राहिलं. जो तो मोबाइल उंचावून आकाशाकडे बघत होता. त्यानंतर सामन्यात काय झालं ते आठवायची कोणाला हौस नाही. ट्रॅव्हिस हेडने १३७ धावा कुटल्या आणि ९२ हजारांवर प्रेक्षक असलेलं स्टेडियम मुकं झालं. त्या दिवसाची गोड आठवण म्हणून अनेकांकडे उरली ती विमानांचीच.

अमेरिकेत या प्रकाराला ‘फ्लायओव्हर’ म्हणतात. मुंबईकराला फ्लायओव्हर म्हटलं की पूल आणि त्याखाली अडकलेली टॅक्सी आठवते, तेव्हा आपण आपल्या हवाई दलाचा ‘फ्लायपास्ट’ हाच शब्द वापरू या.

ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. पहिलं महायुद्ध अजून संपलं नव्हतं तेव्हाची, म्हणजे ५ सप्टेंबर १९१८ची गोष्ट. शिकागोत बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सीरिज’चा पहिला सामना होता. आदल्याच दिवशी शहरातल्या सरकारी इमारतीत बॉम्बस्फोट होऊन चार जणांचा जीव गेला होता. प्रेक्षकांचा मूड कसा असेल, याची कल्पना करा. त्या दिवशी लष्करी विमानं मैदानावरून गेली. सातव्या डावाच्या विश्रांतीत बँडने ‘स्टार स्पँगल्ड बॅनर’ वाजवलं. ते तेव्हा अमेरिकेचं अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं, तो मान त्याला १९३१ साली मिळाला. तरी लोक उठून उभे राहिले आणि गाऊ लागले. (बॉस्टनने तो सामना १-० असा जिंकला. गोलंदाज होता तरुण बेब रूथ!) राष्ट्रगीत, विमानं आणि खेळ यांची गाठ तिथे पडली ती कायमची. आता तर अमेरिकी फुटबॉलची सुपर बोल ही अंतिम लढत फ्लायपास्टशिवाय अपुरी वाटते. २०२१ साली टँपात बी-१, बी-२ आणि बी-५२ ही तीन बॉम्बफेकी विमानं एका रांगेत गेली. २०२३ साली ॲरिझोनात नौदलाच्या विमानांचं सारथ्य महिला वैमानिकांनी केलं. अमेरिकी नौदलात महिलांना विमानोड्डाणाचं शिक्षण मिळू लागल्याला तेव्हा पन्नास वर्षं झाली होती.

बघणाऱ्याला वाटतं, विमान आलं आणि गेलं. त्यात काय मोठंसं! पण खरी मेख वेळेत आहे. राष्ट्रगीताचा शेवटचा सूर आणि विमानं डोक्यावर येणं हे एकाच क्षणी घडायला हवं. विमानं काही मैलांवर घिरट्या घालत थांबतात. स्टेडियममध्ये वायरलेस घेऊन एक माणूस उभा असतो. गायिकेने तोंड उघडलं रे उघडलं की तो वैमानिकांना कळवतो. गाणं किती सेकंदांचं, हे तालमीत घड्याळ लावून मोजलेलं असतं. पण गाणारी माणसं ती! लाख माणसं समोर दिसली की एखादी तान लांबतेच. ताशी साडेपाचशे किलोमीटर वेगाने जाणारं विमान एका सेकंदात दीडशे मीटर कापतं. तान तीन सेकंद लांबली की हिशेब साडेचारशे मीटरने, म्हणजे तीनेक क्रिकेट मैदानांनी चुकला. मग वेग कमी-जास्त करून तो वाटेतच जुळवावा लागतो. गंमत म्हणजे हजार फुटांवरच्या विमानाचा आवाज खाली पोहोचायला जवळजवळ एक सेकंद लागतो. तेवढ्यात विमान पुढे सरकलेलं असतं. म्हणून आवाजाच्या दिशेने बघणाऱ्याला तिथे नुसतं आकाश दिसतं.

आता पैशाचं. अमेरिकेत आयोजकांना यासाठी संरक्षण खात्याकडे एक छापील अर्ज भरून द्यावा लागतो. खात्याचं ठरलेलं उत्तर असं, की वैमानिकांना वर्षाकाठी ठरावीक तास उडावंच लागतं. ते तास आकाशात कुठेही घालवले तरी इंधन जळणारच. मग स्टेडियमवरून गेले तर बिघडलं कुठे? शिवाय ठरल्या सेकंदाला ठरल्या जागी पोहोचणं हा युद्धातल्या कामाचाच सराव. युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. पण २०१३ साली अमेरिकी सरकारच्या खर्चाला कात्री लागली, तेव्हा सर्वांत आधी बंद झालं ते हेच. फ्लायपास्ट थांबले, ‘थंडरबर्ड्स’ आणि ‘ब्लू एंजल्स’ या नामवंत तुकड्यांचे कार्यक्रम रद्द झाले. जे फुकट होतं ते बंद करून बचत कशी झाली, हा प्रश्न कोणत्याही गृहिणीला पडेल.

कधी कधी तर हौसेचा कळस होतो. फेब्रुवारी २०११मध्ये टेक्सासच्या सुपर बोलवरून नौदलाची चार लढाऊ विमानं गेली. आणि स्टेडियमचं छप्पर होतं बंद! आतल्या प्रेक्षकांनी विमानं पाहिली ती पडद्यावर. त्याआधी नोव्हेंबर २०१०मध्ये आयोवा विद्यापीठाच्या मैदानावरून हवाई दलाची चार प्रशिक्षण विमानं नियमापेक्षा फारच खालून गेली. प्रेक्षक खूश झाले, वरिष्ठ नाही. नेतृत्व करणाऱ्या वैमानिकावर कारवाई झाली. एप्रिल २०२२मध्ये वॉशिंग्टनच्या बेसबॉल मैदानावर छत्रीधारी सैनिक उतरवायचे होते. त्यांचं विमान जवळच घिरट्या घालत असल्याचं बघून अमेरिकेची संसदच रिकामी करण्यात आली. कार्यक्रमाची आगाऊ सूचना संबंधितांपर्यंत पोहोचलीच नव्हती!

याहून बोचणारी गोष्ट २०१५ साली उजेडात आली. जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक या दोन सिनेटरांनी अहवाल काढला. मैदानभर पसरलेला राष्ट्रध्वज, मध्यंतरात जवानांचा सत्कार, आघाडीवरून परतलेल्या सैनिकाची कुटुंबाशी ‘अचानक’ भेट, अशा प्रसंगांसाठी संरक्षण खातं संघांना पैसे मोजत होतं. सैन्यभरतीची जाहिरात म्हणून केलेले हे करार सुमारे ६८ लाख डॉलरचे होते. जे पाहून लोकांचे डोळे पाणावत, त्यातलं काही बिल फाडून झालेलं होतं. पुढल्या वर्षी फुटबॉल लीगने सात लाखांहून अधिक डॉलर परत केले. मॅकेन स्वतः व्हिएतनाम युद्धातले नौदल वैमानिक, पाच वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले. त्यामुळे त्यांना देशप्रेम शिकवायची सोय कोणाला नव्हती.

आपल्याकडे असल्या करारांचा बोभाटा झालेला नाही, पण तोच सरावाचा हिशेब आपल्यालाही चुकलेला नाही. सूर्यकिरण तुकडी १९९६ साली कर्नाटकातल्या बिदर इथे सुरू झाली, ती एचएएलने बनवलेल्या किरण विमानांवर. २००९ साली एचपीटी-३२ ही प्राथमिक शिक्षणाची विमानं उडवणं थांबवावं लागलं आणि नव्या वैमानिकांना शिकवायला किरण विमानं कमी पडू लागली. मग २०११ साली सूर्यकिरणची प्रात्यक्षिकं थांबली, विमानं वर्गात गेली. काही वर्षांनी हॉक मिळाली तेव्हाच तुकडी पुन्हा आकाशात दिसली. विमानं थोडी असली की आधी शिक्षण, मग शोभा. हा क्रम हवाई दलाने लावला, तो योग्यच म्हणायला हवा.

आणि सरावाची दुसरी किंमत? ती तर तिकीट काढणाऱ्याच्या कानावरही येत नाही. मार्च २००६मध्ये बिदरजवळ सूर्यकिरणचं विमान कोसळून दोन वैमानिक गेले. जानेवारी २००९मध्ये तिथेच आणखी एक. १९ फेब्रुवारी २०१९ रोजी, बंगळुरूच्या ‘एरो इंडिया’ प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी, येलहंका तळाजवळ दोन हॉक एकमेकांवर आदळली. दोघे वैमानिक बाहेर फेकले जाऊन वाचले, विंग कमांडर साहिल गांधी वाचले नाहीत. यातला एकही अपघात भरल्या स्टेडियमवर झाला नाही. विमानांमध्ये जेमतेम पाच मीटर अंतर ठेवायचं तर ते रोज गिरवावं लागतं, आणि गिरवताना बघायला कोणी नसतं.

म्हणूनच तुकडीत नवा आलेला वैमानिक, लढाऊ विमानांवर कितीही मुरलेला असला, तरी थेट नऊच्या रांगेत घेतला जात नाही. आधी दोन विमानं एकमेकांच्या जवळ उडायला शिकतात. ते अंगवळणी पडलं की तिसरं, मग चौथं.